अकरा पॉईंट चार

प्रिय धाकटे,

काल तू पाठवलेला लेकीचा फोटो सकाळपासून तीनदा पाहिला. ओठांची सूज पार उतरलीये, डावा डोळा अजून जरा बारीक दिसतोय, आणि बाईसाहेब उशीला टेकून अशा बसल्यात की जणू दवाखान्यातून नाही, मोहीम फत्ते करून परतल्यात. हातावरची सलाईनची पट्टी काढू देत नाही म्हणतेस. राहू दे, आपोआप निघेल. फोटोखाली तू चारच शब्द लिहिले होतेस, चूक माझीच होती ताई. त्यावर मी काहीच उत्तर दिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हातात फोन असताना ताई कागद का काळे करत बसली, असंही वाटेल. कारण आहे. सांगणार आहे, पण मला माझ्या चालीनं सांगू दे. मधेमधे तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहीन, तेही मुद्दाम. हा कागद दुसऱ्या कुणी वाचला तरी त्याला सगळं पहिल्यापासून समजायला हवं.

शनिवारचं मी तुझ्याच तोंडून ऐकलंय, तेही दवाखान्याच्या बाकावर. लेकीच्या वर्गातल्या मैत्रिणीचा वाढदिवस. दोन वर्षांत पहिल्यांदा तू आतल्या खोलीत लेकीच्या शेजारी न बसता बाहेरच्या खोलीत इतर आयांबरोबर बसलीस. वीस मिनिटं, तू म्हणालीस. कुणाच्या तरी नव्या घराच्या फरशीबद्दल बोलणं चाललं होतं. आत बिस्किटांची ताटली फिरली, दोन बिस्किटांच्या मधे शेंगदाण्याचं लोणी होतं, आणि आपल्या खारूताईनं एक उचललं. ती स्वतःच बाहेर चालत आली आणि म्हणाली, आई, माझी जीभ मोठी झाली. तू पर्समधलं ॲलर्जीवरचं इंजेक्शनचं पेन काढून तिच्या मांडीत टोचलंस, दहा आकडे मोजलेस, गाडी बोलावलीस, ती येईपर्यंत तिला आडवी ठेवलीस. यात एकही गोष्ट चुकली नाही. हे मी बहीण म्हणून नाही लिहीत, माझा दिवस डॉक्टर-दवाखान्यांतच जातो म्हणून लिहितेय. पण घरी काय बोललं गेलं तेही तू सांगितलंस. सासूबाई म्हणाल्या, पोर आत मरत होती आणि ही गप्पा मारत बसली होती. तुझा नवरा काही बोललाच नाही. ते मला जास्त लागलं.

खारूताई हे नाव तिला मीच ठेवलं होतं. दात यायच्या आधीपासून हातात येईल ते दोन्ही मुठींत धरून कुरतडायची म्हणून. तिला शेंगदाण्याचीच ॲलर्जी निघाली तेव्हा हसावं की रडावं कळेना. खार, आणि शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांची असताना शेंगदाण्याचा अर्धा दाणा चघळला आणि अंगभर गांधी उठल्या, तेव्हापासून दर वर्षी तिच्या रक्तातल्या शेंगदाण्याविरुद्धच्या अँटिबॉडी मोजायच्या, हा आपला नेम झाला. अंगात शिरलेल्या शत्रूशी लढायला शरीर जे शिपाई तयार करतं, ते तिच्या अंगात शेंगदाण्यावरच धावून जातात, एवढं तिलाही कळतं. मागे तुमच्या दारात आलेल्या पोस्टमननं गाल ओढला तर त्याला म्हणाली, मला खाऊ देऊ नका, माझे शिपाई येडे आहेत. पहिल्या वर्षी तिचा आकडा अडुसष्ट आला. मग एकसष्ट. तिच्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी रेघ आखून दिली होती, पंधराच्या आत आला तर दवाखान्यात समोर बसवून कणभर खायला घालून पाहू. ती पंधराची रेघ तू दोन वर्षं किती वेळा बोलून दाखवलीस, तुलाही आठवत नसेल. लोक पगारवाढीची वाट बघतात तशी तू त्या पंधराची वाट बघत होतीस.

आणि आकडा मोजणारी मी. तू दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जायचा विचारही केला नाहीस. याचं मूळ फार जुनं आहे. आई-बाबा दोघंही कामावर, तू चार वर्षांची, मी नऊची, तुला खोकला झाला की औषध मी पाजायचे. चमचा डोळ्यांच्या रेषेत धरून, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. तू तोंड उघडून बसायचीस आणि औषध कडू आहे का एवढंही विचारायची नाहीस. आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगायची, मोठीनं मोजलं म्हणजे मोजलं. ते कौतुक मी तेवीस वर्षं लॅबमध्ये मिरवत आले. नव्या मुलींना मी किती छळते ते तू ऐकून आहेस. पाठीमागे मला काटेकोर काकू म्हणतात, आणि मला ते आवडतं, हेही सांगून टाकते.

आता त्या मंगळवारचं. म्हणजे वाढदिवसाच्या आधीच्या मंगळवारचं. आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला, आपल्या नात्यातल्या माणसाचं रक्त आपण तपासायचं नाही. दुसरा, रिपोर्टवर दोन सह्या लागतात. एक करणाऱ्याची, दुसरी ताडून बघणाऱ्याची. दुसरीनं हातात नळी घ्यायची, नळी आणि कागद शेजारी धरायचे, आणि मगच सही करायची. पहिला नियम मी तीनही वर्षं मोडला. आमच्या लॅबच्या मॅडमना माहीत होतं, त्या कानाडोळा करायच्या, कारण काम माझं होतं. त्या दिवशी खारूताईचं रक्त मीच काढलं, आठवतंय ना, वीसपर्यंत मोजू म्हणाली आणि तेरावर अडली, कारण तेरानंतर तिला माझ्या कानातलं दिसलं. रक्त थोडंच निघालं. ते मी सगळ्यांच्या आधी मशीनवर चढवलं आणि खाली दुसऱ्या कामाला गेले.

मशीनला शंभराच्या वर मोजता येत नाही. त्याहून जास्त निघालं तर ते आकडा देत नाही, नुसतं मर्यादेबाहेर असं दाखवतं. मग ते रक्तावरचं पिवळं पाणी दहापट पातळ करून पुन्हा लावायचं, आणि जो आकडा येईल त्याला दहानं गुणायचं. यात अवघड काही नाही, चौथीतल्या मुलाला जमेल. मी खाली असताना मशीननं मर्यादेबाहेर दाखवलं. पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं ते पाहिलं, नमुना पातळ केला, नळीच्या टोपणावर लाल पेननं दहा लिहिलं, पुन्हा लावलं, आणि तिची अर्धी सुट्टी होती म्हणून एक वाजता घरी गेली. तिनं तिचं काम चोख केलं. मी दोन वाजता वर आले. पडद्यावर अकरा पॉईंट चार दिसत होतं.

मी नळी उचलली नाही. टोपण पाहिलं नाही. धाकटे, मला अकरा हवे होते. एकसष्टावरून एका वर्षात अकरा होत नसतात, दुसऱ्या कुणाच्या पोराचा असा आकडा असता तर मी तो तीनदा तपासला असता आणि नव्या मुलींना त्यावरून अर्धा तास ऐकवलं असतं. रिपोर्ट रांगेबाहेरचा म्हणून मी हातानंच टाईप केला. दुसरी सही राहिली होती, तर चष्मेवालीला फोन केला, तुझी सही करून टाकू का. ती बसमध्ये होती, कर म्हणाली. कुठल्या रिपोर्टवर ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. असं आम्ही पूर्वीही केलंय, घाईच्या दिवसांत सगळेच करतात. पण दोन सह्या कशासाठी असतात हे मीच तेवीस वर्षं शिकवत आलेय. त्या कागदावर दोन्ही सह्या माझ्या हातच्या आहेत.

मग मी तुला फोन केला. तिकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागे भांड्यात काहीतरी उतू गेलं. त्यानंतर मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी म्हणाले, आता जरा मोकळा श्वास घे. सारखी तिच्या मानगुटीवर बसू नकोस, पोरीला पोरांत खेळू दे. डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते कळेपर्यंत खाण्याचं पथ्य सोडायचं नाही, हेही मी म्हणाले होते, पण ते फोन ठेवता ठेवता. तू विचारलंस, नक्की ना ताई? मी हसले. म्हणाले, मी मोजलंय.

रविवारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी थर्मास घेऊन उभी होते. डॉक्टरीणबाई तुला समजावत होत्या की हा आकडा फक्त शक्यता सांगतो, त्रास किती होईल ते सांगत नाही, अकरा असतानाही असं होऊ शकतं, मी पाहिलंय. त्यांचं बरोबरच होतं. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, म्हणजे आकडा बरोबर होता, मीच गाफील राहिले. तेव्हा मला एकदम आठवलं की मी नळी उचलून पाहिली नव्हती. तोपर्यंत मला काहीही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण तेवीस वर्षांनंतर न पाहिलेली नळी मनातून जात नाही. मी तुला चहा ओतून दिला आणि साखर आहे का विचारलं.

सोमवारी तुम्ही घरी गेलात आणि मी लॅबमध्ये. तपासून झालेल्या नळ्या आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, कुणी शंका काढली तर पुन्हा तपासता यावं म्हणून. दुसऱ्या कप्प्यात, मागच्या रांगेत तिची नळी होती. टोपणावर लाल पेननं दहा. मी ती हातात धरून किती वेळ उभी होते माहीत नाही, फ्रीजचं दार उघडं राहिल्याची घंटा वाजायला लागली तेव्हा भानावर आले. अकरा पॉईंट चार गुणिले दहा. एकशे चौदा. आकडा उतरला नव्हता, जवळजवळ दुप्पट झाला होता. शिपाई कमी झाले नव्हते, त्यांची आख्खी पलटण उभी होती, आणि मी तुला सांगितलं होतं की पहारा ढिला कर.

आता सर्वांत वाईट भाग. तो मी आधी दोनदा लिहून फाडला. सोमवारी मी कुणाला काही सांगितलं नाही. नळी जागेवर ठेवली, संध्याकाळी तुला फोन केला, आणि तू सासूबाईंचं बोलणं सांगत होतीस तेव्हा मी म्हणाले, जाऊ दे, त्या तशाच आहेत. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते ऐक. सात दिवस मंगळवारी भरत होते. मंगळवारी दुपारी नळ्या फेकतात. नळी गेली की टोपण गेलं. चष्मेवालीला तो नमुना कुणाचा होता आठवणारही नाही. डॉक्टरीणबाईंनी तर कारण आधीच देऊन ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला चक्क म्हणून दाखवलं. पुढच्या तपासणीत आकडा वाढलेला दिसला असता तर बिस्किटामुळे वाढला म्हणता आलं असतं. हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. इतकं काटेकोर.

आणि मंगळवारी दुपारी मी ती नळी फेकली. फेकणार होते असं नाही, फेकली. कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, हातमोजे काढले, हात धुतले आणि जेवायला बसले. डबा उघडला. तेवढ्यात नवी मुलगी कुठलासा रिपोर्ट आणि त्याची नळी घेऊन आली आणि म्हणाली, काकू, तुमची दुसरी सही हवीये, बघा ना नीट, मला भीती वाटते. मी तिच्या हातातली नळी घेतली, कागद शेजारी धरला, आणि सही न करताच दोन्ही तिला परत देऊन उठले. पिशवी अजून गेली नव्हती. त्याच पिशवीत कोपरापर्यंत हात घालून मी ती शोधून काढली. वीस मिनिटं लागली. तुझ्या फरशीच्या गप्पांनाही तेवढीच लागली होती, पण तुझी वीस मिनिटं आणि माझी वीस मिनिटं कुणी एका तराजूत घालू नये.

नळी तशीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, बसा, आणि पहिल्यापासून सांगा. आज सकाळी त्यांच्यासमोर चष्मेवालीनं तो नमुना पुन्हा लावला, मला मशीनपासून लांब उभं केलं होतं. एकशे सोळा आला. मॅडमनी डॉक्टरीणबाईंना कळवलं. वीस तारखेला खारूताईला दवाखान्यात शेंगदाणा खायला घालून पाहायचं ठरत होतं, ते शनिवारनंतर पुढे ढकललं होतं, आता पार रद्द झालं आहे. त्या कागदाच्या भरवशावर त्या काय करून बसल्या असत्या याचा विचार मी एकदाच केला, पुन्हा करवत नाही. मला तूर्त मशीनवरून काढलंय, चौकशी होईल, आणि व्हायलाच हवी. चष्मेवालीलाही त्या सहीबद्दल उत्तर द्यावं लागणार. ती माझ्याशी बोलत नाहीये. तिला दोन लहान मुलं आहेत.

तू लगेच म्हणशील की आकडा एकशे चौदा सांगितला असतास तरी बिस्किट तिनं उचललंच असतं. कदाचित. पण तू बाहेरच्या खोलीत नसतीस. तू तिच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन त्या एवढ्याशा खुर्चीवर बसली असतीस, दोन वर्षं बसलीस तशी, आणि ताटली फिरायच्या आधी विचारलं असतंस यात काय आहे. लोक तुला हसले असते. मीही एकदा हसले होते.

डॉक्टरीणबाईंचा फोन तुला आज संध्याकाळी येईल. त्याआधी हे पत्र मी स्वतः येऊन तुमच्या पत्रपेटीत टाकणार आहे आणि बेल न वाजवता परतणार आहे. समोर आले तर तू मला एक वाक्यसुद्धा पुरं करू देणार नाहीस, जाऊ दे ताई म्हणशील आणि चहा टाकशील. फोनवरही तेच. मला तुझी माफी इतक्या स्वस्तात नको, आणि खरं सांगायचं तर हे पत्र माफीसाठी नाहीच. पुढचं रक्त दुसऱ्या लॅबमध्ये दे, पत्ता पाठीमागे लिहिलाय. आणि हे पत्र कपाटात कपड्यांखाली ठेवू नकोस, मी तुला ओळखते. आज जेवायच्या आधी सासूबाईंच्या हातात दे, आणि त्यांनी ते तुझ्या नवऱ्यासमोर मोठ्यानं वाचायला हवं, पहिल्या ओळीपासून. खाली माझी सही आहे, एकच, आणि ती माझीच आहे. पोर आत असताना आई गप्पा मारत बसली होती असं त्या घरात पुन्हा कुणी म्हटलं, किंवा तू स्वतः म्हणालीस, तर हा कागद पुढे कर. लेकीवरची नजर तू आपणहून हटवली नव्हतीस. मी मोजून, लिहून, दोन सह्या करून तुला ती हटवायला लावली.

तू ठेवशील त्या नात्यानं, तुझीच,
ताई